पडून राहिलेले तागे

माझ्या भाचीचा मुलगा लातूरला क्लासला असतो. परवा सुट्टीत आला तेव्हा त्याच्या अंगात हिरव्या-काळ्या डागांचा शर्ट होता, तशीच पँट, डोक्यावर तसलीच टोपी. मोटारसायकल लाल. मी विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "आज्जी, याला जंगल प्रिंट म्हणतात. यात माणूस दिसत नाही." हे तो अहमदपूरच्या बसस्टँडसमोर उभा राहून सांगत होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं त्याच्याकडे वळून बघत होती. न दिसण्याच्या बाबतीत माझं मत विचारावं असं घरात कुणाला सुचत नाही, आणि एका परीनं ते बरोबरच आहे, कारण हे काम ज्याला खरं जमतं तो कुणाच्या लक्षात राहत नाही. अण्णा असते तर त्यांनी ते कापड आधी दोन बोटांत चुरगाळून पाहिलं असतं, मग खिशाची शिवण उलटी केली असती आणि विचारलं असतं, "याचं गिऱ्हाईक कोन हाय?"

अण्णा म्हणजे माझे वडील. अहमदपूरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. सकाळी लोखंडी गज लाकडी फळीवर ठोकल्याचा आवाज आला की समजायचं, अण्णा गादीवर बसले. त्यानंतर दिवसभर टर्र टर्र कापड फाटत राहायचं आणि आम्ही वर बसून त्या आवाजावरून सुती कोणतं, टेरिकॉट कोणतं ते ओळखायचो. अण्णा दिवसभर रंग विकायचे, स्वतः मात्र पांढऱ्याशिवाय काही घालायचे नाहीत. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. बाई पायरीवर चप्पल कशी काढते यावरून ती जांभळं घेणार की मोरपंखी, हे त्यांना कळायचं आणि ते सहसा चुकत नसत. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "लुगडं असं पायजे, बाई येशीत आली की घरात कळावं." आमच्या दुकानातून गेलेलं लुगडं खरोखरच दूरवरून कळायचं. तालुक्यात कुठल्याही लग्नाला गेलं की मांडवात बसल्या बसल्या मी आमचा माल ओळखत असे.

दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर मात्र काही तागे होते, जे कधीच विकले गेले नाहीत. मातकट, उदी, राखी, शेवाळी, आणि वाळल्या गवतासारखा एक मेलेला पिवळा. कुठल्याशा गोडबोल्या एजंटानं हे रंग मोठ्या शहरात लई चालतात म्हणून अण्णांच्या गळ्यात मारले होते. शहरात चालत असतील, अहमदपुरात ते चालत ना पळत. दर दिवाळीला ते खाली यायचे, झटकले जायचे आणि परत वर जायचे. अण्णांच्या उभ्या धंद्यातली ती एकच चूक होती आणि ती सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर, पण कुणाला न दिसता, वर्षानुवर्षं बसून होती.

माझी आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, उदगीरची. तिच्या बोलण्यात तिकडचे कानडी शब्द यायचे. त्यातला माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आलेला शब्द म्हणजे 'सुम्म'. सुम्म म्हणजे गप्प, उगी. "सुम्म बस गं," हे ती मला दिवसातून इतक्यांदा म्हणायची की पुढं मला त्याचा पगार मिळाला तेव्हा मला तिचीच आठवण झाली. अव्वाचं दुसरं दैवत म्हणजे धुणं. आमच्या घरातलं एकही कापड नीळ आणि खळ यातून सुटलं नाही. अण्णांचं धोतर वाळत घातलं की शेजारणी डोळ्यांवर हात धरून बघायच्या आणि अव्वाला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

मी बी.एस्सी. झाले त्या वर्षीची ही गोष्ट. नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आमच्या भागातल्या माळांवर हरणं मोजत हिंडायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मीही तेच म्हणते. त्यांना एक मदतनीस मुलगी हवी होती. दोन वर्षं काम, राहायचं नांदेडला वसतिगृहात, आणि हिंडायचं माळावर, तळ्यावर, डोंगरात. आमच्या कॉलेजात येऊन त्यांनी सांगितलं, "मला हुशार मुलगी नको. न हलणारी पाहिजे." वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्यातरी गोष्टीत माझा पहिला नंबर आला होता आणि मला ते काम इतकं हवंसं झालं की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मॅडमनी अट घातली: तीन ठिकाणी बसवून बघेन. पाण्याकाठी, जंगलात आणि शेवटी माळावर. पहिल्या दोन ठिकाणी चुकलीस तर शिक. माळावर मात्र कळपापासून पन्नास पावलांच्या आत दुपारपर्यंत बसायचं. त्याआधी कळप उधळला तर मी दुसरी मुलगी बघते.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते गजाला तेल लावत होते.

"हरनं मोजायची?"

"हाव."

"मोजून काय करायचं?"

"लिहून ठेवायची."

"मंग?"

"मंग पुन्हा मोजायची."

हे अण्णांना पटलं असावं, कारण त्यांनी गज पुसून भिंतीला टेकवला. मग म्हणाले, "उदगीरचं स्थळ हाय. अडतीचं दुकान, मानसं चांगली, अव्वाच्या माहेरापसून चार घरं. मी त्यांना संक्रांतीपर्यंत थांबा म्हनतो. तुझ्या बाईनं हो म्हनलं तर तू नांदेडला जा. न्हाई म्हनलं तर तू हो म्हन." अव्वानं आतून भांडं आदळलं. मी हो म्हणाले. उदगीरच्या मुलात तसं नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, आणि तीच मला त्याची सगळ्यात मोठी अडचण वाटत होती.

अण्णांनी हा प्रश्न दुकानदाराच्या पद्धतीनं हाती घेतला. गिऱ्हाईक कोण? पाणपक्षी. त्याच्या घरात काय चालतं? त्यांनी चौकशी केली. धरणाच्या काठावर बगळे असतात असं कळलं. "मंग पांढरं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मला उत्तम मांजरपाटाचा पांढराशुभ्र सलवार-कुडता शिवून दिला. अव्वानं त्याला नीळ दिली. पहाटे मी धरणाच्या काठी पाणकणसात जाऊन बसले आणि उजाडलं तशी समोरच्या पाण्यावरची बदकं एकेक करून नव्हे, सगळी एकदम उठली. गेली ती पलीकडच्या काठाला जाऊन बसली. बगळेसुद्धा गेले. मॅडम लांबून दुर्बीण घेऊन आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, बगळ्यासारखं नाही दिसायचं. चिखलासारखं दिसायचं." घरी येऊन मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी हिशेब चुकल्यावर लावायचे तसा चष्मा लावला. "बराबर हाय," ते म्हणाले, "गिऱ्हाईक सोतासारखं दुसरं कुनी आलं की आधी त्येच्याकडंच बघतंय. भितीकडं कुनी बघत न्हाई." आणि शिडी लावून ते वरच्या फळीकडे चढले.

मेलेले तागे पहिल्यांदाच कामासाठी खाली आले. दुसरं ठिकाण माहूरचं जंगल होतं. अण्णांनी माझ्याकडून सागाचं वाळलेलं पान मागवून घेतलं, पायरीवर उन्हात नेऊन उदी कापडावर ठेवलं आणि पान कुठं संपतं, कापड कुठं सुरू होतं ते मला विचारलं. मला सांगता आलं नाही. ते खूश झाले. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये रंग जुळवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, रंग जिथं नेसायचा तिथल्या उन्हात बघावा, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं ते मी पुढं तीस वर्षं विद्यार्थ्यांना माझं म्हणून सांगत आले.

माहूरला अव्वा आणि अण्णा दोघंही आले. माहूरला जायचं आणि रेणुकामाईचं दर्शन घ्यायचं नाही, हे आमच्याकडे शक्यच नव्हतं. पहाटे आम्ही गड चढलो. ओटी भरली, तांबूल खाल्ला आणि अव्वानं माझ्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरला, या भुवईपासून त्या भुवईपर्यंत. तिथून मी उदी कपड्यांत सागाच्या बुंध्याशी जाऊन बसले. कपडे उत्तम होते, यात वाद नाही. झाडावरच्या वानरानं खाली पाहिलं, मान वाकडी केली, आणखी खाली येऊन पाहिलं आणि मग जो खकारा केला तो सगळ्या दरीत ऐकू गेला. मोर गेले, भेकर असेल तर तेही गेलं. मॅडम आल्या. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"हे पुसता नाही येणार?"

"देवीचं हाय ते," अव्वा म्हणाली. "उद्याच्या अंगोळीपस्तोर पुसायचं न्हाई."

अण्णा मध्ये पडले. "पुसायचं न्हाई म्हनून हाय. झाकायचं न्हाई आसं कुटं हाय?" आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं माझ्या कपाळाला बांधलं. ते उपरणं पांढरं होतं. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आम्हाला चहा पाजला. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की रंग बरोबर आहे, पण एकाच रंगात बसलेला माणूस माणसाच्याच आकाराचा दिसतो. आकार मोडायला हवा. तोंड, हात झाकायला हवेत. आणि माळावर सरळ रेघ कुठंच नसते, तेव्हा कपड्यातही नको.

आकार मोडायचा म्हणजे काय, हे अण्णांना कळेना. ते अव्वाला कळलं. ती म्हणाली, "वाकळ शिवा की मंग." जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून आमच्याकडे पांघरायला वाकळ शिवतात, पसरली की तिची सुरुवात कुठं आणि शेवट कुठं ते कळत नाही. अव्वा आठ दिवस दुपारी जेवणं झाली की माडीवर बसायची. राखी, उदी, मातकट आणि तो मेलेला पिवळा, चारही ताग्यांचे तुकडे पसरलेले. तिनं पहिल्यांदा सवयीनं सगळे चौकोन कापले. मी म्हणाले, अव्वा, सरळ नको, वाकडे पायजेत. तिनं कात्री खाली ठेवली. "चाळीस वर्सं झाली शिवायलेय, वाकडं शीव म्हनून मला कुनी सांगितलं न्हाई." पण शिवलं. दात-ओठ खाऊन शिवलं. सैल पायघोळ कुडता, सलवार आणि हनुवटीपर्यंत येणारी कुंची. ते अंगात घालून मी आरशात पाहिलं तेव्हा पीक काढल्यानंतरचं शेत उभं राहिल्यासारखं दिसत होतं. "उदगीरकरानी बघितलं तर," अव्वा एवढंच म्हणाली.

त्याची चाचणी वेळअमावस्येला झाली. त्या दिवशी लातूरकडचा प्रत्येक माणूस शेतात जेवतो. आमचं शेत नव्हतं, आम्ही मावशीकडे जायचो. कडब्याची कोप उभी केलेली, आत पांडवांची पूजा, बाहेर ताटं. भज्जी म्हणजे सगळ्या भाज्या आणि डाळी एकत्र शिजवलेली, बाजरीचे उंडे, आणि मडक्यातली ताकाची आंबट गार आंबील. पूजा चालू असताना मी मागून जाऊन बांधावरच्या वाळल्या गवतात बसले, कोपीपासून वीस पावलांवर. पंधरा-वीस माणसं होती. कुणाला दिसले नाही. अण्णा प्रथेप्रमाणे आंबील शिंपडत शेताला फेरी घालत आले, आणि त्यांनी पळसाच्या पानानं थोडी माझ्या तोंडावर शिंपडली व पुढं गेले. मी हलले नाही. नाकावरून ताक गळत होतं. मग पंगत बसली. कुणीतरी म्हणालं, मंगल कुटं हाय? कुणीतरी म्हणालं, आसंल कुटं. एवढ्यावर माझा विषय संपला आणि दुसऱ्यांदा भज्जी फिरली. मी उठून आले तेव्हा मावशी किंचाळली, अण्णांनी अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं, आणि भज्जीचं पातेलं रिकामं होतं. त्या वर्षी मी कोरडा उंडा खाल्ला. माणूस दिसेनासा झाला की त्याचं काय होतं हे मला तिथं कळलं, पण तेव्हा मी भुकेली होते, म्हणून त्यावर विचार केला नाही.

माळावर बसायचं ते चार दिवसांनी. आदल्या दिवशी दुपारी मी माडीवर गेले तर दोरीवर माझे कपडे वाळत होते. दुरून दिसत होते. अव्वानं ते साबणानं धुतले होते, नीळ दिली होती, खळ दिली होती. सलवार आधी वाळली म्हणून तिला इस्त्रीसुद्धा झाली होती. घडी अशी की तिनं कांदा चिरावा. हात लावला तर कडकड वाजलं. चारी रंगांवर एक निळसर चमक आली होती. हरणांच्या डोळ्याला अशी चमक आपल्यापेक्षा जास्त दिसते, हे मॅडमनी मला बजावून सांगितलं होतं. मी तिथंच खाली बसले आणि रडले. अव्वा म्हणाली, "बाई नांदेडहून येनार. मळक्या कपड्यात काय म्हनतीन त्या? आवं, आईनं धुवून न्हाई दिलं म्हनतीन."

अव्वानं ते मुद्दाम केलं का, हे मी तिला कधीच विचारलं नाही. ती गेल्यावर विचारता येणं बंद झालं. आता या वयात मला वाटतं की तिचं तिलाही माहीत नसावं. तिच्या हाताला धुणं येत होतं, आणि मुलगी जाऊ नये असं तिला वाटत होतं, आणि दोन्ही एकाच बादलीत झालं.

माझं रडणं ऐकून अण्णा दुकान उघडं टाकून वर आले. त्यांनी दोरीवरचा कुडता दोन बोटांत धरला. "नीळ," ते म्हणाले. मग उन्हाकडे धरून, "दोन डाव." अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, अव्वाकडे बघत होते. ती हळूच म्हणाली, "ओ, जाऊ द्यायचंच हाय का तिला?"

मला वाटलं, आता हे म्हणतील, राहू दे. त्यांना तसं म्हणायचं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. उदगीर एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर. नांदेडही काही फार लांब नव्हतं, पण माळावर, डोंगरात हिंडायला गेलेली मुलगी परत कापडाच्या दुकानावरच्या माडीत येत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. ते म्हणाले, "आपल्या दुकानातून खोटा माल आजपस्तोर गेला न्हाई." आणि त्यांनी कपडे गोळा केले. साध्या पाण्यातून चार वेळा काढले. मला माळावरून मुरमाची दोन घमेली आणायला लावली. मग परसात मोठ्या घंगाळात मुरूम कालवला, धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि अहमदपूरच्या बाजारातले सगळ्यात पांढरे गृहस्थ त्या चिखलात उभे राहून माझे कपडे पायानं तुडवू लागले. मध्येच थांबून म्हणाले, "घडी गेली का बघ." मी म्हणाले, गेली. "तरी बघ." अव्वा दारात उभी होती. थोड्या वेळानं तिनं आत जाऊन गरम पाणी आणलं आणि त्यांच्या पायांजवळ ठेवलं. कपडे आम्ही झटकले आणि रात्रभर शेजारच्या शेळ्यांच्या गोठ्यात वाळत टाकले, कारण माळावरच्या हरणांना शेळ्यांचा वास ओळखीचा असतो. ही कल्पना अण्णांची. गिऱ्हाईक नुसतं बघत नाही, वासही घेतं, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना मॅडमच्या जीपनं आम्हाला माळाच्या कडेला सोडलं. अण्णा रस्त्यालगतच्या लिंबाखाली थांबले, हातात धपाट्यांचा आणि दह्याचा डबा. मॅडम दुर्बीण घेऊन पलीकडच्या टेकाडावर गेल्या. मी एका बोरीच्या खुरट्या झुडपाला पाठ लावून बसले, कुंची ओढली, मांडीवर वही ठेवली. दर दहा मिनिटांनी जे दिसेल ते लिहायचं: हरणं किती, काय करतायत, आणि माळावर दुसरं काही आलं का, कुत्रं, गुराखी, काहीही. लिहिताना फक्त बोटं हलवायची. ऊन आलं तसा कळप आला. अकरा माद्या, चार पाडसं आणि एक काळाकुळकुळीत नर, पिळाची शिंगं पाठीकडे टाकून चाललेला. ते चरत चरत तीस पावलांवर आले. एका मादीनं माझ्याकडे सरळ पाहिलं. मी मनात सुम्म, सुम्म म्हणत होते. तिनं मान खाली घातली आणि माझ्या बाजूचं गवत खाल्लं. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि तो दाखवायची सोय नव्हती.

मग अण्णा आले. लिंबाखाली त्यांच्यानं बसवलं नसणार. मागच्या उतारावरून ते वर आले, माझ्या उजव्या अंगाला, आणि पाहतात तर समोर कळप. सगळ्या माना वर झाल्या. अण्णांनी एक पाय पुढं टाकलेला होता, तो तसाच राहिला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, विभूती आणि चकचकीत स्टीलचा डबा. माळावर त्यांच्याइतकी दिसणारी दुसरी वस्तू नव्हती. त्यांना कळलं होतं की आता ते हलले तर सगळं गेलं. म्हणून ते हलले नाहीत. खांबासारखे उभे राहिले. नरानं त्यांच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं, पाय आपटला, आणि हे काहीतरी मैलाच्या दगडासारखं आहे असं ठरवून तो परत चरू लागला.

अण्णा माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांची नजर पहिल्यांदा डावीकडच्या गवतात गेली, मग खडकाकडे, मग माझ्या बोरीवरून सरकून पुढं गेली. ते मला शोधत होते. मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी. दोनदा त्यांचे डोळे माझ्यावरून गेले. मग ओठ न हलवता, पुटपुटल्यासारखे ते म्हणाले, "मंगल, कुटं बसलीस गं बाई. दिस की जरा." वारं त्यांच्याकडून माझ्याकडे होतं, म्हणून मला ऐकू आलं. थोड्या वेळानं म्हणाले, "लई चांगलं जमलंय. लई चांगलं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात उचलता येत नव्हता. ते गालावरून मिशीत गेलं, मिशीतून सदऱ्यावर पडलं, आणि ते तसेच उभे. उठावं, त्यांच्या हातातला डबा घ्यावा आणि चला घरी म्हणावं, असं मला इतकं वाटलं की पोटरीत गोळा आला. मी उठले असते तर कळप गेला असता, मी उदगीरला गेले असते, आणि दर आठवड्याला त्यांना दिसले असते. हे त्यांनाही माहीत होतं आणि तरी ते हलत नव्हते. मग मी काय हलणार?

वहीत मी नियमाप्रमाणे लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. 'नऊ चाळीस. माणूस एक, पांढरे कपडे. कळपानं पाहिलं, पळाला नाही.' 'नऊ पन्नास. माणूस तिथेच.' 'दहा. माणूस तिथेच.' असं चार वेळा लिहिलं आहे. साडेदहाला कळप चरत उताराच्या आड गेला, तेव्हा 'माणूस गेला.' ते पाठमोरे नाही गेले. तोंड माळाकडे ठेवून एकेक पाऊल मागं घेत, डबा पोटाशी धरून गेले. दुपारपर्यंत कळप माझ्यासमोर दोनदा आला.

बारानंतर मॅडम खाली आल्या, मला शोधायला त्यांना हाक मारावी लागली. त्यांनी वही वाचली. "हा माणूस पाऊण तास काय करत होता?"

"उभा होता," मी म्हणाले.

मॅडमनी लिंबाकडे पाहिलं. अण्णा तिथं डबा मांडीवर घेऊन असे बसले होते की जणू सकाळपासून जागचे उठलेच नव्हते, आणि त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलं होतं. मॅडमनी वही मिटून माझ्या हातात दिली. "सोमवारी सामान घेऊन ये," त्या म्हणाल्या.

परतताना जीपमध्ये मी आणि अण्णा मागं बसलो. धपाटे गार झाले होते, दही आंबलं होतं, आम्ही दोघांनी सगळं संपवलं. मग अण्णा खाली वाकून धोतरातली कुसळं एकेक करून उपटू लागले. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "मी आल्तो गं तिकडं. मधी."

"कव्हा?"

"आल्तो. हुबा होतो जरा येळ. तुला दिसलो न्हाई?"

"न्हाई, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि एक कुसळ काढून खिडकीबाहेर टाकलं. "बरं झालं," ते म्हणाले.